पर्मिटकाका

लग्नापेक्षा लग्नाचा बंदोबस्त जास्त आवडणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक मराठी गोतावळ्यात असतो. मंगलाष्टकं चालू असताना हा मांडवात नसतो. पाण्याचा टँकर कुठे अडला ते बघायला गेलेला असतो. अल्बममध्ये सहसा सापडत नाही, सापडलाच तर पाठमोरा. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या आमच्या कंपूत ही जागा पर्मिटकाकांची. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले आणि मुलाकडे येऊन राहिले. नोकरीभर लोकांना परवानग्या दिल्या नाहीतर नाकारल्या. इथे आल्यावर मागायची गोडी लागली. गणपतीच्या लेझमीला परवानगी, कोजागिरीच्या दुधासाठी बागेत शेगडी पेटवायला परवानगी, सगळं काका आणतात आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कार्यक्रमभर काखेत धरून फिरतात. तो कागद आजवर कोणीही बघायला मागितलेला नाही, हे त्यांचं खरं दुःख.

त्यांच्या पुतणीनं जाहीर केलं, की लग्न योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात, नदीकाठी, मोजक्या माणसांत करायचं. हॉल नाही, घोडा नाही, वरात नाही. तिचे वडील गप्प झाले, आई स्वयंपाकघरात गेली. काकांनी एवढंच विचारलं, "अर्ज कुठं करायचा?"

अर्ज होता. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानात लग्न लावायला 'स्पेशल यूज पर्मिट' लागतं. योसेमिटीत त्याची फी १५० डॉलर, परत न मिळणारी, आणि अर्ज एक वर्ष आधीपासून ते २१ दिवस आधीपर्यंत करायचा. घरच्यांना न सांगता गुपचूप डोंगरात जाऊन लग्न लावण्याची इथल्या तरुणांना भारी हौस आहे, पण त्यांनाही हाच अर्ज. म्हणजे पळून जायचं ते सरकारला निदान २१ दिवस आधी कळवून, पैसे भरून. काकांना ही व्यवस्था फार पसंत पडली. त्यांच्या तरुणपणी कोण कोण आळंदीला जाऊन माळ घालून आले आणि पुढे दाखल्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवत बसले, याची उदाहरणं त्यांनी नावानिशी दिली.

मग जागा. पुतणीच्या मनात कथीड्रल बीच होता: मर्सेड नदीचा वाळूचा काठ, समोर एल कॅपिटनचा तीन हजार फुटांचा उभा कातळ. काकांनी नकाशा पसरला आणि बोट भलतीकडेच, वायव्येला, हेच हेचीवर ठेवलं.

"इथे करू."

"काका, तिथे काय आहे?"

"धरण!"

तिथे खरंच धरण आहे. योसेमिटीच्या हद्दीतली एक अख्खी दरी बुडवून १९२३ मध्ये बांधलेलं, ओशॉनेसी नावाचं. सॅन फ्रान्सिस्कोचं पाणी तिथून येतं, तेही बव्हंशी पंप न लावता, उतारानं. ती दरी वाचवायला जॉन म्यूरनं आयुष्याची शेवटची वर्षं घालवली आणि तो हरला. अमेरिकेतल्या निसर्गप्रेमींच्या काळजात ते शल्य अजून आहे. पुतणी हे सगळं कळवळून सांगत होती. काका ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर सांडव्याची उंची दिसत होती. शेवटी काकू म्हणाल्या, "आपलं लग्न झालं तेव्हाही धरणावर हनिमून झाला. पोरीला तरी सोडा." हेच हेची बारगळलं.

यादीचं प्रकरण मात्र मुळातून सांगण्यासारखं आहे. "मोजक्या माणसांत" या शब्दांचा काकांनी लावलेला अर्थ १४० होता. पुतणी रडली, जावईबापूंनी हळूच आकडेमोड करून दाखवली, मुलीच्या वडिलांनी भावापुढे हात जोडले. काका ढिम्म. "नाशिकची वहिनी कशी गाळायची? साडू काय म्हणेल? तुझ्या बारशाला सोन्याचं वळं घातलंय त्यांनी!" चार घरचे चार लोक जे करू शकले नाहीत ते अर्जातल्या एका रकान्यानं केलं. 'उपस्थितांची संख्या'. पुतणीनं त्यात २५ लिहून अर्ज केव्हाच धाडला होता. मंजुरी आली, तिच्यावर २५ छापलेलं होतं, आणि काकांचा चेहरा पालटला. हा आता घरातल्या पोरीचा हट्ट राहिला नव्हता. ती अट होती. अट क्रमांकासकट.

त्या संध्याकाळी काकांनी लाल पेन घेतलं. त्यांच्या वाचनानुसार पंचवीसमध्ये फोटोवालीसुद्धा आली. साडू पहिल्या झटक्यात गेला. नाशिकच्या वहिनींना त्यांनी स्वतः फोन लावला: "वहिनी, आमच्याकडून काही नाही हो. पण हे उद्यान पडतं केंद्र सरकारच्या अंतर्गत खात्याकडे. त्यांनी तुम्हाला बसवलं नाही." वहिनी जराही रागावल्या नाहीत. उलट, "सरकारचंच म्हटल्यावर काय करणार भाऊजी," म्हणून काकांची समजूत काढली. मला इथे या माणसाची खरी किल्ली सापडली. दिरानं गाळलं तर तीन पिढ्या अबोला; सरकारनं गाळलं तर नशीब. हे आपल्या समाजाचं मर्म काका नोकरीतच शिकलेले होते. पुतणीला ते आधी कळलं असतं तर तिचे बरेच अश्रू वाचले असते.

अक्षतांनी मात्र काकांची परीक्षा घेतली. नियम स्पष्ट होता: तांदूळ उधळायचे नाहीत, पाखरांचे दाणे नाहीत, फुलांच्या पाकळ्या नाहीत. झाडाला काही बांधायचं नाही, म्हणजे तोरण गेलं. उघडी ज्योत नाही, म्हणजे समईपासून होमापर्यंत सगळंच गेलं. ड्रोन नाही, ध्वनिक्षेपक नाही. काकांनी पार्कच्या कचेरीला इंग्रजीत खरमरीत पण नम्र पत्र लिहिलं, की पॉलिश केलेला तांदूळ रुजत नाही, सबब परदेशी पिकाची लागण होण्याचं भय नाही. उत्तर आलं: नाही. पण उत्तर त्याच आठवड्यात आलं होतं, सही होती, पत्र वाचल्याची खूण होती. काका नकार विसरून पत्रावरच खूष झाले. "आमच्याकडे नाही म्हणायलासुद्धा दोन वर्षं लागायची," म्हणाले आणि ते पत्र फोल्डरमध्ये पहिल्या पानावर गेलं.

मग त्यांच्यातला अभियंता जागा झाला. होम आदल्या दिवशी फ्रीमाँटच्या गॅरेजमध्ये, शटर वर करून. सप्तपदी उद्यानात, सूर्याच्या साक्षीनं. फ्रीमाँटच्या गुरुजींनी फोनवर संमती दिली. सनई बाद, पण मंगलाष्टकं काकू म्हणणार, आणि काकूंच्या आवाजाला ध्वनिक्षेपक कधीच लागलेला नाही. अक्षता उधळायच्याच नाहीत: प्रत्येकानं वाटीतल्या चिमूटभर घ्यायच्या, वधूवरांच्या डोक्याला लावायच्या आणि दुसऱ्या वाटीत परत टाकायच्या. वाट्यांवर काकांनी चिकटपट्ट्या लावल्या, 'आवक' आणि 'जावक'. अंतरपाट हा एकमेव प्रकार सगळ्या कलमांतून सहीसलामत सुटला. तो बांधायचा नसतो, पेटवायचा नसतो, उधळायचा नसतो, आवाज करत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची आणि नंतर घडी घालून घरी न्यायचा. आपल्या पूर्वजांनी अमेरिकेची नियमावली वाचूनच तो काढला असणार, असं काकांचं ठाम मत आहे.

मुहूर्तावर वाद होईल असं वाटलं होतं. फोटोवाली म्हणाली, सूर्य मावळायच्या आधीचा तास हवा, तेव्हा एल कॅपिटन सोन्यासारखा उजळतो. काकांनी दाते पंचांग मिटलं आणि म्हणाले, "गोरज!" लग्न ठरल्यापासून उभयपक्षी विनातक्रार मंजूर झालेला तो पहिला ठराव. याच दरीत १९२८ मध्ये आन्सेल ॲडम्स या थोर छायाचित्रकाराचं लग्न झालं, तिथल्याच बेस्ट्स स्टुडिओत, तेही भर जानेवारीत, हे तिनं सांगितल्यावर काकांचा पहिला प्रश्न होता, "तेव्हा पर्मिट होतं?"

विवाहाच्या परवान्यासाठी जोडपं ओकलंडला काउंटी क्लार्ककडे गेलं, काका सोबत. त्यांच्या पिशवीत जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, प्रत्येकाच्या तीन साक्षांकित प्रती आणि सहा-सहा पासपोर्ट फोटो. आपल्याकडे विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस लागते, म्हणून महिनाभराची रिकामी दैनंदिनीही. खिडकीतल्या बाईंनी दोघांची ओळखपत्रं बघितली, फी घेतली आणि परवाना हातात दिला. नव्वद दिवस वैध, राज्यात कुठेही चालेल, एक साक्षीदार पुरे. काका खिडकीशी उभेच. "बाकीची कागदपत्रं?" त्यांनी विचारलं. बाई हसून म्हणाल्या, नकोत. परतीच्या वाटेवर काका कुणाशी बोलले नाहीत. पुतणीनं कोलोरॅडोची गोष्ट सांगून त्यांना रमवायचा प्रयत्न केला, की तिथे लग्न लावणाराही लागत नाही नि साक्षीदारही नाही, नवराबायकोनं सह्या केल्या की झालं. काका कळवळले. "अगं, पार्किंगच्या पावतीला याहून जास्त बघतात!"

कॅलिफोर्नियात मात्र लग्न लावणारा लागतो, आणि गुरुजींना त्याच दिवशी दोन वास्तुशांती होत्या. तोडगा पुतणीनंच काढला. योसेमिटीला जाताना वाटेपासून जवळच मोडेस्टो नावाचं गाव आहे. तिथे निघालेलं युनिव्हर्सल लाइफ चर्च कोणालाही फुकटात धर्मोपदेशक करून घेतं, श्रद्धा विचारत नाही. ऑनलाइन नाव भरलं की झालं. अशा रीतीनं सदाशिव पेठेत मुंज झालेले, संध्या चुकवत नसलेले पर्मिटकाका चहा निवायच्या आत रेव्हरंड झाले. प्रमाणपत्र छापून घेतलं, लॅमिनेट केलं. काकूंनी विचारलं, "उद्यापासून सोवळ्याचं काय करायचं ते सांगून ठेवा."

लग्न जूनमध्ये झालं. धबधबे भरून वाहत होते. लॉजवर उतरल्याबरोबर काकांनी पंचवीसही जणांना वाहनतळावरच्या लोखंडी पेटीपाशी उभं केलं. योसेमिटीत अस्वलं आहेत, आणि रात्री गाडीत खाण्याचं काहीही ठेवायचं नाही असा नियम आहे. अस्वल मोटारीचं दार वाकवून आत शिरतं. पेटीचा खटका झाकणाच्या आड असतो. मनगट वळवून बोटं आत घालायची आणि तो वर ओढायचा. अस्वलाच्या पंजाला ते जमत नाही. आत्यांनाही जमेना. काकांनी प्रत्येकीकडून दोनदा उघडून घेतली आणि मगच बेसनाच्या लाडवांचे डबे आत गेले.

संध्याकाळी सगळं यथासांग चाललं होतं. अंतरपाट धरलेला, कातळावर ऊन पिवळं पडत चाललेलं, काकूंनी पहिलं मंगलाष्टक उचललेलं. एवढ्यात झाडीतून आवाज आला, "अगंबाई, आपल्याकडचं लग्न!" ठाणे-दादरकडची एक टूर एल कॅपिटनवर चढणारे गिर्यारोहक दुर्बिणीतून बघायला थांबली होती. काकूंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला आणि मंडळी स्वेटर, माकडटोप्यांसकट येऊन उभी राहिली. चाळीस तरी असतील. कोणी चपला काढल्या, एका काकूंनी डोक्यावरून पदर घेतला, आणि "सावधान" सगळ्यांनी मिळून म्हटलं.

काकांचा चेहरा बघवत नव्हता. पंचवीसचे पासष्ट. रेव्हरंडनी मंगलाष्टक थांबवलं, फोल्डर उघडला, अटी पुन्हा वाचल्या. पर्मिटमुळे जागा जनतेला बंद होत नाही, हे तिथेच लिहिलेलं होतं. काका टूरवाल्यांना सामोरे गेले. "नमस्कार. आपण निमंत्रित नाही, आपण जनता आहात. जनतेनं बघायला हरकत नाही. म्हणायलाही हरकत नाही. अक्षतांना मात्र हात लावायचा नाही."

"आणि लाडू?" मागून एका आजींनी विचारलं.

हे कलम कुठेच नव्हतं. काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "लाडू लॉजवर आहेत. तिथे पर्मिट लागत नाही."

लग्न लागलं. 'आवक' वाटीतल्या अक्षता 'जावक' वाटीत गेल्या. वाळूत सांडलेले चार दाणे काकांनी गुडघ्यावर बसून वेचले. अल्बममध्ये त्यांचा तेवढाच एक फोटो आहे, पाठमोरा. सही केलेला परवाना दहा दिवसांत काउंटीला परत पोचवायचा असतो आणि ती जबाबदारी लग्न लावणाऱ्याची. टपालावर काकांचा विश्वास नाही. सोमवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी ते ओकलंडच्या दारात उभे होते, पोच घ्यायला.

आपल्यापैकी कोणाकडे योसेमिटीत कार्य निघालं तर अर्ज २१ दिवसांच्या आत येऊ देऊ नका, आणि संख्येच्या रकान्यात हवा तो आकडा स्वतःच्या हातानं भरा. पर्मिटकाका आनंदानं मदतीला येतील. फक्त जागा मंजूर होईपर्यंत त्यांना कळवू नका, नाहीतर लग्न धरणावर होईल.