मेव्हण्याची आत ओळख आहे

पोरगा चौकीत बसवून ठेवला की घरातून पहिला फोन जातो नगरसेवकाच्या पीएला, दुसरा मेव्हण्याला, कारण त्याची ‘आत ओळख’ असते. वकील तिसऱ्या दिवशी आठवतो. तोही दिवाणीतला, ज्याने सोसायटीचं कन्व्हेयन्स करून दिलं होतं!

तोवर कोर्टाच्या पायऱ्यांवर काळ्या कोटातला कुणीतरी ‘जामीन पक्का’ म्हणत पाचशेच्या नोटा मोजून घेतो. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर फी ठरवायला मनाई आहे, पण नियम वाचतो कोण? पक्का जामीन मिळतो तो जामीनपात्र गुन्ह्यात, आणि तिथे तो आरोपीचा हक्कच असतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणूक कलम ३१८(४) मध्ये गेली. कट्ट्यावर मात्र अजून ‘चारसोबीस’च चालतं.

राज्याचे कायदे आणखी निराळे. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायलाही परवाना लागतो, हे ज्ञान बहुधा धाड पडल्यावरच होतं. १९९९चा मोक्का लागला तर मामला गंभीर: न्यायालयाच्या परवानगीने आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढते, पोलीस अधीक्षकापुढे दिलेला कबुलीजबाबही पुरावा ठरू शकतो. तिथे मेव्हण्याची ओळख फार तर चहापुरती.

बाकी, अटकेतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२.