लाईनवाले काका

मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या आणि घरच्या स्वयंपाकघरातून हाकलल्या गेलेल्या पुणेकराला एक हक्काचा आसरा असतो: फराळाचा कारखाना. दिवाळीआधी भोसरीच्या कुठल्याही गाळ्यात डोकवा. गळ्यात स्टॉपवॉच, खिशात दोन रंगांची पेनं आणि डोक्यावर (केस नसले तरी, नियम म्हणजे नियम) जाळीची टोपी घातलेले काका तिथं सापडतीलच.

चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणं सोडलं, तेव्हा अर्धं पुणं हळहळलं. काकांनी मात्र "रोजचा तीन तासांचा डाउनटाइम वाचला!" म्हणून पेढे वाटले.

मालकाला ते पहिल्याच दिवशी ओईई, म्हणजे यंत्राची एकूण कार्यक्षमता, मोजायला शिकवतात. यंत्र ९० टक्के वेळ चालू, वेग ९५ टक्के, धड निघालेला माल ९९ टक्के. तिन्ही आकडे ऐकून मालक खुलतो. मग काका गुणाकार करतात, हातात जेमतेम ८५ उरतात आणि मालक पाणी मागवतो.

काका नुसतेच बोलघेवडे नाहीत, हे कबूल करायला हवं. चिवड्यावरून शेवेवर जाताना पॅकिंगचं यंत्र बराच वेळ बंद राहायचं. पुढचा रोल, पाने, धुतलेले सुटे भाग आधीच शेजारी मांडून ठेवायला लावून त्यांनी तो वेळ निम्म्यावर आणला. शिंगो नावाच्या जपानी इंजिनिअरची ही युक्ती. घोडं अडतं ते तळणाऱ्या मावशींच्या कढईपाशी.

"मावशी, घाणा एवढुसा का?"

"जास्त टाकलं की तेल गार पडतं."

"का?"

टोयोटात पाचदा 'का' विचारतात. इथं दुसऱ्यालाच झारा वर होतो.

काका हट्टानं मोठा घाणा सोडायला लावतात. बुडबुडे मंदावतात, बाकरवड्या तेल पिऊन जड होतात. मग ते निवत ठेवण्याच्या वेळेवर घसरतात: माल गरमच भरा! मावशी मुकाट्यानं एक पिशवी भरतात. आतून वाफ धरते. थोड्या वेळानं पिशवी फोडून एक बाकरवडी त्यांच्यापुढं धरतात.

"मोडा. 'कट्' वाजलं, तर म्हणाल तेवढ्या गरम भरते."

बाकरवडी वाकते. काका ती खातात, वर दुसरी खातात.

"आता सरका बाजूला. ट्रॉली तुमच्यामुळं अडलीय."

काका घड्याळ बघतात आणि इमानेइतबारे वहीत लिहितात: लाईन बंद, चार मिनिटं, कारण: सल्लागार.