काम निघालंय

आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, यावर आमच्या घरात तीन पक्ष आहेत. बायको म्हणते डावीकडून, मी म्हणतो उजवीकडून आणि मागच्या सीटवर बसणारी आई म्हणते, "खालून." आवाजाच्या स्वरूपावरही एकमत नाही. मला तो 'टक्' असा ऐकू येतो, बायकोला 'खुट्'. आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे तिला तो थेट कमरेत कळतो. वाद नाही तो एवढ्याच मुद्द्यावर, की स्पीडब्रेकर आला की आवाज येतो. आणि पुण्यात स्पीडब्रेकर येतच असतो.

गाडी 2003 सालची फोर्ड आयकॉन, 1.6 पेट्रोल. तरुण वाचकांसाठी सांगतो, ही गाडी 1999 साली आली तेव्हा 'जोश मशीन' म्हणून तिची जाहिरात व्हायची. त्या काळी सेडान घ्यायची ती मागे पाय पसरून बसायला. ही मात्र पुढे बसून चालवणाऱ्यासाठी होती. हाडापेरानं युरोपातली फिएस्टा, पाठीला डिकी चिकटवलेली आणि पोटात रोकॅम इंजिन. नव्वदीच्या घरातली हॉर्सपॉवर ऐकून आज हसू येईल, पण कात्रजचा जुना घाट ती ज्या आनंदानं चढायची, त्या आनंदानं आमच्या घरात दुसरं कुणी काहीच करत नाही. पंधरा वर्षं झाली तेव्हा हरित कर भरून तिचं रजिस्ट्रेशन वाढवून घेतलं, पाच वर्षांनी पुन्हा वाढवलं. म्हणजे सध्या ती मुदतवाढीवर आहे.

आवाजाचा छडा लावायला तिला गॅरेजात नेलं. मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर चढवली आणि टॉमी घेऊन ते खाली शिरले. टॉमी म्हणजे पहारेची धाकटी बहीण. ती त्यांनी लोअर आर्मच्या बुशापाशी घालून हलवली, तेव्हा आतलं रबर देवळाबाहेर विसरलेल्या चपलेसारखं फाटलेलं दिसलं. चाक वर-खाली धरून हलवलं, तर बॉल जॉइंट 'कट्' बोलला. लिंक रॉड तर नुसत्या हातानंच डुगडुगला. पुढच्या डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा लेप. मिस्त्री हात पुसत बाहेर आले आणि दोनच शब्द बोलले, "काम निघालंय."

मराठीत याहून महाग शब्दजोडी मला माहीत नाही. यात करणारा कुणी नाही. कुणी काढलं नाही, कुणाची चूक नाही. विहिरीला पाणी निघावं तसं काम निघतं.

"किती निघालंय?"

"खालचं सगळं."

शॉकअ‍ॅब्सॉर्बर हा शब्द गॅरेजात कुणी पूर्ण उच्चारत नाही. तिथे तो शॉकअप. पण नाव पूर्ण घेतलं तरी फसवंच आहे, कारण मुख्य धक्का खाते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेलं की ती दबते, मग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. तिच्यावर सोडलं तर कर्वे पुतळ्यापाशी खाल्लेला खड्डा डेक्कनपर्यंत पुरेल. तिला शांत करणं हे शॉकअपचं काम. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्यात बारीक वाटा. त्या वाटांतून तेल रेटता रेटता स्प्रिंगचा जोर जिरतो आणि त्याची उष्णता होते. एकत्र कुटुंबात कुणी भडकलं की "जाऊ दे, असू दे" म्हणणारे एक काका असतात ना, तो शॉकअप. भांडण थंड होतं, काका तापतात. वीस वर्षांनी ते गळायला लागले, तर त्यांना काय बोलणार?

आमच्या गाडीला पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात आहेत. ही युक्ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची. जनरल मोटर्समध्ये तो एका छोट्या गाडीवर काम करत होता. ती गाडीच रद्द झाली, तसा 1947 साली तो फोर्डकडे गेला. 1950 साली ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलला हा खांब लागला आणि आज सोसायटीच्या पार्किंगमधल्या बहुतेक गाड्या पुढून त्याच्याच आधारानं उभ्या आहेत. कमी सामान, कमी जागा, कमी खर्च. गैरसोय एकच. खांब उतरवला की त्याच्याबरोबर वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळ अडवणारा रबरी बूट असं सगळं गणगोत खाली येतं. मग मिस्त्री दुसरं महाग वाक्य बोलतात, "आता उघडलंच आहे, तर..."

यादी घेऊन मी नाना पेठेत गेलो. काउंटरपलीकडच्या काकांना म्हटलं, "आयकॉनचा लोअर आर्म द्या."

"कुठला देऊ?"

"चांगला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'चांगला' असा प्रकारच नसतो. प्रकार चार. ओरिजिनल म्हणजे गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. ओईएम म्हणजे कंपनीला माल पुरवणाऱ्यानं स्वतःच्या डब्यात घातलेला. लोकल म्हणजे ज्याचा डबा या दोघांपेक्षा देखणा. आणि चौथा 'चालून जाईल'. त्याला डबा नसतो, वर्तमानपत्र असतं.

मी अर्थातच बाणेदारपणे म्हटलं, "ओरिजिनल." काकांनी माळ्यावरून एक डबा काढला, त्यावर फुंकर मारली आणि आतला बुश माझ्या हातात दिला. "नख लावून बघा." लावलं. नख वाकलं, रबर नाही. मग त्यांनी खालच्या खणातला ओईएम दिला. त्यात नख रुतलं आणि काढताच खूण भरून आली. फोर्डनं भारतातलं उत्पादन थांबवायची घोषणा केली 2021 च्या सप्टेंबरात. आयकॉन त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. म्हणजे ओरिजिनल म्हणून जो मिळतो, तो कुठल्या तरी माळ्यावर वर्षानुवर्षं बसून असतो. आणि रबर वापरल्यानं झिजतं तसं न वापरताही कडक होतं. "लेबल बघू नका, बनवल्याची तारीख बघा," काका म्हणाले. लग्नाळू पोरांच्या आईबापांना हेच उलटं करून सांगावं लागतं.

"आणि पॉलीचा बुश?" मी ऐकीव ज्ञान पाजळलं. पॉलीयुरेथेनचा बुश रबरापेक्षा कडक. वळणावर गाडी जागची हलत नाही, स्टिअरिंग फिरवताक्षणी उत्तर देते. काकांनी मान डोलावली. "येतो की. रबर खालची कुरबूर गिळून टाकतं. पॉली जे असेल ते तोंडावर सांगतो. शिवाय ग्रीस सुकलं की कुरकुरतो. घरी कोण कोण बसतं गाडीत?"

या प्रश्नाचं उत्तर न देता मी घरी आलो आणि रात्री वाचत बसलो. जुनी पण उमेदीची गाडी बाळगणाऱ्याचे निम्मे निर्णय रात्री साडेअकरानंतर होतात. बिल्स्टीनचे पिवळेधमक शॉकअप पाहिले. एकाच नळीत तेल आणि दाबाखाली कोंडलेला वायू, त्यामुळे तापूनही तेलाला फेस येत नाही. 1957 पासून मर्सिडीजला लागत आलेली ही विद्या. पुढे कोनीचे पाहिले, कान पिळावा तसे पिळून कडक करता येणारे. मग गाडी दीड इंच खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा पाहिल्या. एक वाजता मी बर्मिंगहॅमच्या भाच्याला मेसेज टाकला, की गणपतीला येताना फिएस्टाच्या चार स्प्रिंगा घेऊन ये.

सकाळी त्याचं उत्तर, "मामा, लोक चॉकलेटं मागवतात."

मिस्त्रींचं उत्तर आणखी निरुत्साही. "फिएस्टाला मागं डिकी नाही, सर. तिची स्प्रिंग तिच्या वजनाची. आपल्याला घातली की गाडी मागनं बसणार. आणि खाली बसवून जाणार कुठं?"

प्रश्न रास्त होता. ताशी 25 किलोमीटरनं ओलांडायचा गोल स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, असं इंडियन रोड्स काँग्रेस सांगते. म्हणजे पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा, हळूच चढून हळूच उतरणारा. आमच्या गल्लीतला रुंदीला झोपलेल्या कुत्र्याएवढा आणि उंचीला म्हशीएवढा. त्याच्यावरून खाली बसवलेली गाडी नेणं म्हणजे रोज सकाळी पोट खरवडून ऑफिसला जाणं.

तरीही हौस जाईना. एका मित्राकडे अशीच कडक करून खाली बसवलेली गाडी आहे. ती एका शनिवारी मागून आणली. शनिवारी आई सदाशिव पेठेत मावशीकडे जाते आणि जाताना स्टीलच्या डब्यातून ताक नेते. आई मागे बसली, डबा मांडीवर. मी कोथरूडहून निघालो. वळणं अशी सुरेख की विचारू नका. गाडी रुळावरून चालल्यासारखी. मी आरशात पाहिलं. आई दोन्ही हातांनी डब्याचं झाकण दाबून बसली होती आणि अलका टॉकीज येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. मग म्हणाली, "ताक कशाला घेतलं रे मी? दही घेतलं असतं, तर मावशीकडे पोचेपर्यंत लोणी आलं असतं."

त्या क्षणी पिवळे शॉकअप, पिळायचे शॉकअप आणि पॉली बुश असे तिन्ही उमेदवार एकदमच पडले. घरी परत आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आधी गाडी होती तशी तरी करा. मग हवी तशी करा." एवढ्या रात्री जागून मी जे वाचलं, त्यात इतकं नेमकं काहीच नव्हतं. वीस वर्षांत आपली गाडी मुळात कशी होती हेच आपण विसरलेलो असतो. आपण जिला ढिली म्हणतो ती मुळात ढिली नसते, थकलेली असते. थकलेल्या बुशांवर कडक स्प्रिंग घालणं म्हणजे तापात जिम लावणं.

तेव्हा शॉकअप कंपनीच्या मापाचे, चारही. बुश रबराचे, ताज्या तारखेचे. लोअर आर्म, लिंक रॉड, माउंटिंग ओईएम. गाडी विकून जेवढे येतील, त्याच्या निम्मे पैसे तिच्या पायाखाली गेले. डाव्या बाजूचा एकच शॉकअप गळत होता, मग उजवा कशाला, असं बायकोनं विचारून पाहिलं. पण शॉकअप जोडीनंच बदलतात. एक चाक लगेच शांत होतंय आणि दुसरं अजून उड्या मारतंय, अशी गाडी ब्रेक लावताना कुणाचं ऐकावं या संभ्रमात पडते.

बसवताना मी स्टूल टाकून गॅरेजात बसलो, आणि बसलो ते बरं झालं. लोअर आर्मचे बोल्ट पोरगा गाडी वर लटकलेली असतानाच आवळायला निघाला होता. मिस्त्री ओरडले, "अरे, आधी पायावर उभी कर!" बुशातलं रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही लोखंडांना चिकटलेलं असतं. चाकं लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली टेकताच ते पिळलं जातं आणि जन्मभर पिळलेलंच राहतं. जन्मभर म्हणजे फार तर वर्षभर. गाडी जमिनीवर आली, दोनदा दाबून बसवली, मगच बोल्टांना शेवटचा पीळ दिला. पुढे अलाइनमेंट.

आता 'टक्' गेला. 'खुट्'ही गेला. स्पीडब्रेकरवर गाडी एकदाच मान डोलावते आणि पुढे चालू लागते. ताक सांडत नाही. तो आवाज गेल्यामुळे इतके दिवस त्याच्याखाली दबलेले ग्लव्हबॉक्सचा, सीटबेल्टच्या बकलचा आणि डिकीतल्या जॅकचा असे तीन आवाज मोकळे झालेत. ते कुठून येतात, यावर घरात नव्यानं तीन पक्ष स्थापन झाले आहेत.

काढलेले चार शॉकअप आठवडाभर गॅलरीत होते. मग भंगारवाला आला. त्यानं एकेकाचा दांडा दाबून पाहिला. डावा खाली गेला तो तिथेच राहिला. उजवा मात्र संथपणे, इमानदारीत वर आला. "काका, हा तर चांगलाय. का काढला?" मी त्याला जोडीचा नियम समजावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, तिघांना पोत्यात टाकलं, चौथा पुसला आणि आमच्याच रद्दीतला कागद काढून त्यात व्यवस्थित गुंडाळला.

तेव्हा वाचकहो, कुठल्याही दुकानात तुम्हाला आयकॉनचा पुढचा उजवा शॉकअप वर्तमानपत्रात गुंडाळून "चालून जाईल" म्हणून कुणी देऊ लागला, तर घेऊ नका. तो माझा आहे आणि त्याचा जोडीदार गेलेला आहे.