स्पोर्ट्स कारला नवे टायर: नवशिक्यांसाठी सोपे पाठ

सर्वप्रथम अभिनंदन. टायर बदलायची वेळ आली, म्हणजे तुमची गाडी चालते हे सिद्ध झालं. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच स्पोर्ट्स कारच्या बाबतीत असा पुरावा मिळत नाही. त्या पार्किंगमध्ये कव्हराखाली असतात आणि एखाद्या रविवारी पहाटे लोणावळ्याला जाऊन, मिसळ खाऊन, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत परत कव्हराखाली जातात.

उदाहरणासाठी आपण पोर्शे ७१८ केमन घेऊ. ही २०१७ साली भारतात आली. आता सेकंडहँड मिळते, आणि ‘फ्लॅट पुढच्या वर्षी बघू’ असं घरी सांगण्याइतकी तिची किंमत अजून टिकून आहे. तुमची गाडी दुसरी असली तर आकडे बदलतील. दुकानातली फजिती तीच राहील.

पाठ पहिला: टायर संपलाय का?

नवशिका टायरकडे उभ्याने बघतो. बाहेरच्या कडेची नक्षी झकास दिसते आणि तो समाधानाने घरी जातो. पण या गाड्यांची चाकं वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतात. वळणावर पकड मिळावी म्हणून कारखान्यातच तशी व्यवस्था केलेली असते. त्यामुळे टायर आतल्या कडेने आधी झिजतो, म्हणजे नेमका जिथे कोणी बघत नाही तिथे. तेव्हा पार्किंगमध्ये सतरंजी टाका, मोबाइलचा टॉर्च लावा आणि आडवे होऊन गाडीखाली डोकवा. वॉचमन येऊन ‘साहेब, काय पडलं?’ असं विचारेल. काहीतरी नाव सांगा. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे दिसतील. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसाळा तोंडावर असेल तर त्याच्या बराच आधी संपला असं धरा.

आता वयाकडे वळू. टायरच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ३५१७ असं दिसलं तर तो टायर २०१७ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. ‘अहो, गाडी फक्त आठ हजार किलोमीटर चाललीये, टायर नवेकोरे आहेत’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला हे चार आकडे मोठ्याने वाचून दाखवा. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. नक्षी शाबूत आणि रबर कडक, अशा टायरवर ओल्या रस्त्यात ब्रेक मारला की ते वय कळतं, पण फार उशिरा.

पाठ दुसरा: भिंतीवरचा मजकूर

१९ इंची रिम असेल तर पुढच्या टायरवर लिहिलेलं असतं: २३५/४० झेडआर १९ ९२ वाय. २३५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. तिच्या ४० टक्के, म्हणजे ९४ मिलिमीटर, ही भिंतीची उंची. १९ इंचांचा रिम. ९२ म्हणजे एक टायर ६३० किलो पेलतो. आणि वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत चालेल. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाट भागात मर्यादा १०० ची आहे. म्हणजे उरलेल्या दोनशे किलोमीटरचे पैसे तुम्ही नुसते मोजता.

तरीही ‘मग व्ही चालेल का?’ असं दुकानात विचारू नका. व्ही २४० पर्यंतचा असतो आणि दुकानदार ‘चालतंय की साहेब’ म्हणेल. दुकानदाराला सगळंच चालतं. पण वाय दर्जाचा टायर नुसता वेगासाठी नसतो. त्याची आतली बांधणी उष्णता सोसणारी असते, आणि गाडीचं वळण, ब्रेक, सस्पेन्शन हे सगळं त्याच बांधणीवर बेतलेलं असतं. खालचा दर्जा घातला तर स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी आधी विचार करते, मग वळते.

पोर्शेच्या टायरवर आणखी एक गंमत असते: एन शून्य, एन एक, एन दोन अशी खूण. नवशिक्याला वाटतं की एन दोन हा वरचा वर्ग आणि शून्य म्हणजे नापास. तसं नाही. कंपनीने एखादा टायर पहिल्यांदा मंजूर केला की तो एन शून्य. त्याच टायरची सुधारलेली आवृत्ती मंजूर झाली की एन एक. बीएमडब्ल्यू यासाठी चांदणी छापते, मर्सिडीज एमओ. एकाच गाडीला वेगवेगळ्या खुणांचे टायर घालू नयेत, असा नियम. आता हा नियम पाळून दाखवा. जून २०२० मध्ये सरकारने मोटारींच्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येत नाही. तेव्हापासून अशा मापांचा शोध घेताना पुढची जोडी दिल्लीत, मागचा एक कोचीत आणि मागचा दुसरा ‘बोटीवर आहे’ असं उत्तर मिळू शकतं. बोटीवरच्या टायरचा आगाऊ पैसा देऊ नये.

पाठ तिसरा: सल्लागार

टायर घ्यायचेत ही बातमी बाहेर जाऊ देऊ नका. ती जातेच. मेहुणा म्हणतो, ‘भावजी, मी सगळ्या गाड्यांना एकच कंपनी घालतो.’ त्याच्या सगळ्या गाड्या म्हणजे एक ऑल्टो. सोसायटीचे चिटणीस म्हणतात, रिमोल्ड करून घ्या, एसटीला चालतात. ऑफिसातला मुलगा ‘कप टू’च घ्या म्हणतो, त्याच्याकडे गाडी नाही, त्यामुळे त्याचं मत सगळ्यात ठाम असतं. सगळ्यांना ‘बघतो’ म्हणा.

पाठ चौथा: मोठ्या रिमचा मोह

टायर घ्यायला गेलेला माणूस हटकून रिमपाशी थांबतो. वीस इंची रिम भिंतीवर टांगलेले असतात, वरून दिवे सोडलेले असतात. इथे थोडं गणित करा. याच गाडीच्या पुढच्या चाकाला कंपनीने तीन मापं दिली आहेत: १८ इंचांना २३५/४५, १९ ला २३५/४० आणि २० ला २३५/३५. रिमसकट एकूण व्यास काढला तर तिन्हींमध्ये चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडत नाही. चाक मोठं होतच नाही. धातू वाढतो आणि रबर कमी होतं: भिंत १०६ वरून ९४ वर, आणि ९४ वरून ८२ वर येते.

८२ मिलिमीटर म्हणजे तुमचा रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये जेवढं काही आहे तेवढं. जर्मनीतल्या रस्त्यावर ते पुरतं. आपल्याकडे सोसायटीच्या गेटपासून हमरस्त्यापर्यंत जे स्पीडब्रेकर आहेत त्यांची उंची गल्लीतल्या नगरसेवकाच्या मर्जीवर ठरते, आणि पावसात पाण्याने भरलेला खड्डा तर वरून सपाटच दिसतो. कड बसली की टायरच्या आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. माझं मत विचाराल तर आपल्या शहरांत राहणाऱ्याने अठरा इंचच घ्यावेत आणि गाडी बाजूने फोटो काढण्यासाठी नाही, हे मनाशी पक्कं करावं. हे कोणी ऐकत नाही. फोटो बाजूनेच काढतात.

पाठ पाचवा: पाऊस

हा पाठ लक्ष देऊन वाचा; बाकीचे नाही वाचले तरी चालतील.

माणूस आणि पेट्रोल धरून गाडीचं वजन साधारण १,४५० किलो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.३ किलोच्या आसपास. भागाकार करा. टायरच्या भिंतीचा ताठरपणा सोडून दिला तर चारही टायर मिळून जमिनीला जेवढे टेकतात ते क्षेत्र एका ए-फोर कागदाएवढं भरतं. गाडीची सगळी अश्वशक्ती, ब्रेक आणि तुमच्या बढाया या एका कागदावर उभ्या असतात.

आता त्या कागदाखाली पाणी सोडा. नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरवर अभ्यास करून एक सूत्र मांडलं: रस्त्यावर पाण्याचा थर असेल आणि टायर गुळगुळीत असेल, तर तो कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगू लागतो हे मुख्यतः आतल्या हवेच्या दाबावर ठरतं. ३३ पीएसआयला उत्तर येतं ताशी ९६ किलोमीटर. एक्सप्रेसवेची मर्यादा वर सांगितलीच आहे. तरंगू लागल्यावर स्टेअरिंग एकदम हलकं होतं. नवशिक्याला वाटतं, पॉवर स्टेअरिंग छान आहे.

नव्या टायरच्या खोल खाचा पाणी बाजूला काढतात, म्हणून तो याहून जास्त वेगापर्यंत जमीन सोडत नाही. उलट टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याला ढकलावं लागतं. स्पोर्ट्स कारचे मागचे टायर २६५ चे असतात. म्हणून जुलैमध्ये खंडाळ्याच्या घाटात सगळ्यात जपून चालवावी ती तीच गाडी, आणि शेजारून मारुती पुढे गेली तर जाऊ द्यावी.

ऑफिसातल्या मुलाचा ‘कप टू’ म्हणजे मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप टू. रेसट्रॅकसाठी उत्तम टायर, कोरड्यात आणि गरम झाल्यावर चिकटतो. खाचा उथळ. तुम्ही कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर नेमाने जात असाल तर जरूर घ्या. तुमचा ट्रॅक कोथरूड ते हिंजवडी असेल तर त्याच कंपनीचा पायलट स्पोर्ट फोर एस किंवा त्या दर्जाचा दुसरा कोणताही घ्या. ट्रेडवेअरचा आकडा कप टूवर १८०, फोर एसवर ३००, म्हणजे झीजही कमी. पण हा आकडा दोन वेगवेगळ्या कंपन्यांत तोलू नका. त्याची चाचणी टेक्सासमधल्या रस्त्यावर ठरलेली असली तरी निकालाचा अंदाज ज्याची त्याची कंपनीच छापते.

पाठ सहावा: दुकानात

दुकान निवडताना मालकाकडे बघू नका, मशीनवरच्या पोऱ्याकडे बघा. गाडी बुटकी असते, त्यामुळे जॅक येतो तेव्हा तो कुठे लावतोय ते खाली वाकून पाहा. दरवाज्याखालच्या पट्टीला लावला तर ओरडायला हरकत नाही. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, हे टायर उतरवायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर ‘तो असाच तुटलेला होता’ असं ऐकू येईल. टायरवर एका बाजूला ‘बाहेर’ अशी खूण असते, ती बाहेरच हवी.

‘साहेब, पाच हजार किलोमीटरला रोटेशनला आणा,’ तो म्हणेल. पुढचे टायर २३५ चे, मागचे २६५ चे; रोटेशन करायचं कशाशी? मान हलवा आणि गप्प राहा. नायट्रोजन भरू का, असंही विचारेल. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. पण फुकट असेल तर भरून घ्या.

अलाइनमेंट मात्र करायलाच हवी, आणि कागदावरचे आकडे हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिले दोनशे किलोमीटर सांभाळून चालवा. नव्या टायरच्या पृष्ठभागावरचा गुळगुळीत थर निघायला तेवढं अंतर लागतं.

राहिले जुने टायर. दुकानातच सोडून या. ‘राहू द्या, कधीतरी लागतील’ म्हणून ते गॅलरीत आणले जातात, त्यांच्यात पावसाचं पाणी साचतं, आणि ऑगस्टमध्ये महापालिकेचा माणूस डेंगीच्या अळ्या शोधत दारात उभा राहतो. तेव्हा ‘हे पिरेली आहेत’ असं सांगून दंड कमी होत नाही.