आकाशाला बांधलेली होडी

होडी एका जागी उभी ठेवायला दोन-अडीच लाखांची मोटार घ्यायची असेल, तर तिची पहिली तुलना दोरीला बांधलेल्या दगडाशी व्हायला हवी. ती कुणी करत नाही. मिन कोटा चांगली की गार्मिन, लॉरेन्स की मोटरगाइड, यावर हौशी मंडळी तासन् तास बोलतात. दगडाचं नाव निघत नाही, कारण दगड विकणारी कंपनी नाही.

मी हे अंतरवाली सराटीतून लिहितो आहे. मराठा आरक्षणासाठी २९ ऑगस्ट २०२३ ला इथे सुरू झालेल्या उपोषणाने गावाचं नाव देशभर गेलं. पण इथल्या जगण्याचं दुसरं टोक पाण्याशी बांधलेलं आहे. शहागडला गोदावरी आहे, काठाने वर गेलं की आपेगाव-हिरडपुरीचे बंधारे आणि त्यापुढे पैठणच्या धरणाचा जलाशय, नाथसागर. त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा आमच्याच अंबड तालुक्यातून परभणीकडे जातो. या पाण्यावर ऊस उभा राहतो, तसा भोई आणि कहार समाजाचा संसारही उभा राहतो. उसाबद्दल सगळे बोलतात. होडीबद्दल बोलायला हे सदर आहे.

आधी यंत्राचं काम समजून घेऊ. ही मोटार होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला बसते. बटण दाबलं की ती उपग्रहांकडून मिळालेली त्या क्षणाची जागा लक्षात ठेवते. वाऱ्याने होडी सरकू लागली की मोटार आपणहून तोंड वळवते, पंखा फिरवते आणि होडी परत जागेवर आणते. तळाला काहीच टेकत नाही. नाथसागरावर कवड्या खंड्या माशावर नजर ठेवून हवेत एका जागी पंख मारत राहतो, तसं हे थांबणं आहे. थांबण्यासाठीच सतत ताकद जाते.

ताकद बॅटरीतून येते, आणि जाहिरात जिथे संपते तिथे बॅटरीचा हिशेब सुरू होतो. बारा व्होल्टची ५५ पौंड रेट्याची मोटार पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर खेचते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दोन तास चालावी. पण शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाताशी उरतो एक तास. वारा मंद असेल तर मोटार अधूनमधूनच फिरते आणि दिवस निघतो. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा होडीवरचा दाब चौपट होतो. धरून ठेवण्याची गरज ज्या दिवशी सर्वांत जास्त, त्याच दिवशी बॅटरी सर्वांत लवकर बसते. परतीचा प्रवासही त्याच बॅटरीवर करायचा आहे, हे विकणाऱ्याने सांगितलं पाहिजे.

आता कंपन्यांकडे वळू, कारण फरक आहेतच. जागा धरण्याचं हे तंत्र मिन कोटाने स्पॉट-लॉक या नावाने लोकप्रिय केलं. तिची टेरोव्हा १२ व्होल्टवर ५५, २४ वर ८० आणि ३६ वर ११२ पौंडांचा रेटा देते. मोटरगाइडची एक्सआय मालिका याच रांगेत बसते. २०१९ मध्ये गार्मिनची फोर्स आणि लॉरेन्सची घोस्ट आली. दोन्ही ब्रशलेस, म्हणजे आत कार्बन ब्रश नसलेल्या; त्यामुळे आवाज कमी आणि तेवढ्याच विजेत काम जास्त. त्यानंतर मिन कोटानेही २०२३ मध्ये ब्रशलेस मोटारी काढल्या. फोर्सची सुरुवातीची किंमत अमेरिकेतच तीन हजार डॉलरच्या वर होती. त्यावर आयात शुल्क आणि वाहतूक धरा.

शांतपणा आणि वीजबचत यांत ब्रशलेस मोटारी वरचढ आहेत, यात वाद नाही. पण प्रत्येक कंपनीची मोटार तिच्याच मासे-शोधक पडद्याशी नीट जुळते. एकदा एका घरात शिरलात की पडदा, तारा, नकाशे सगळं त्याच घरचं घ्यावं लागतं. किंमत विचारताना हे सगळं धरून विचारा.

आणखी एक गोष्ट खरेदीदाराने जाणून घ्यायला हवी. उपग्रह जागा सांगतो, पण थांबलेल्या होडीचं तोंड कुठे आहे ते सांगत नाही. त्यासाठी यंत्रात चुंबकीय दिशादर्शक असतो. आपल्याकडे धरणांत पत्र्याच्या होड्या पुष्कळ आहेत. लोखंड जवळ आलं की दिशादर्शक गोंधळतो आणि मोटार चुकीच्या बाजूला रेटा देते. फायबरच्या होडीवर घेतलेली चाचणी पत्र्याच्या होडीला लागू होत नाही. ज्या होडीवर मोटार बसवायची, त्याच होडीवर, वारा असताना चालवून दाखवा, असं विकणाऱ्याला तोंडावर सांगा.

पण मला खरी भीती वाटते ती जाळ्याची. नाथसागरावर पोट भरणारा मासेमार गळ टाकून एका बिंदूवर बसत नाही. तो संध्याकाळी फासा जाळं पसरतो आणि पहाटे काढतो. कटला, रोहू, मृगळ, चिलापी याच जाळ्यात येतात. नायलॉनचा बारीक धागा पंख्याच्या दांड्याला गुंडाळला गेला की आतलं सील कापतो, पाणी मोटारीत शिरतं आणि मोटार जाते. हाताने चालवायच्या मोटारीत माणूस जाळं दिसताच पंखा बंद करतो. जागा धरणारी मोटार मात्र स्वतःच्या मर्जीने फिरते. माणूस वाकून जाळं ओढत असताना पाण्यात आपोआप फिरणारा पंखा! मोटार तर जाईलच, पण पहाटेच्या अंधारात एखाद्याचं बोटही जाऊ शकतं. तुलनेच्या तक्त्यांत या धोक्याला रकाना नसतो, कारण ते तक्ते गळाने मासे धरणाऱ्या हौशी माणसासाठी बनलेले असतात.

आता दगडाकडे येऊ. नाथसागराचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर आणि पसारा साधारण ३५० चौरस किलोमीटर. भागाकार करा. काठोकाठ भरलेल्या धरणाची सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास येते. जुन्या नदीपात्रात पाणी बरंच खोल आहे, पण बाकीचा भाग उथळ. आठ मीटर पाण्यात दगड आणि पंचवीस-तीस मीटर दोरी होडी धरून ठेवते. बॅटरी लागत नाही, उपग्रह लागत नाही. दोरी बुडालेल्या बाभळीत अडकली तर कापून टाकता येते.

धरणाच्या पाण्यावर नकाशातल्या बिंदूचा आणखी एक घोटाळा आहे. भरती-ओहोटी सोडली तर समुद्रातला खडक वर्षभर जवळपास तेवढ्याच पाण्याखाली असतो. धरणाचं तसं नाही. नाथसागराची पूर्ण पातळी १,५२२ फूट. चांगल्या पावसाळ्यानंतर तिथे पोचलेलं पाणी दुष्काळात थेट मृतसाठ्यावर येतं. २०१६ चा उन्हाळा इथला कुणीही विसरलेला नाही. ऑक्टोबरात माशांची म्हणून नोंदवून ठेवलेली जागा एप्रिलात कोरडी असते, तिथे गाळपेर झालेली असते. मासा कुठे आहे ते पातळी, वारा आणि पाण्याचा रंग बघून कळतं. ही विद्या काठावरच्या म्हाताऱ्या मासेमारांकडे आहे आणि ती कुठल्याही पडद्यापेक्षा मोलाची आहे.

मग हे यंत्र निरुपयोगी का? अजिबात नाही. समुद्रात खडपाच्या कडेला गळाने मासेमारी करणाऱ्या लहान बोटीला ते खरंच उपयोगी आहे. तिथे पाणी खोल, त्यामुळे दोरी खोलीच्या पाच-सहा पट सोडावी लागते. वीस मिनिटांनी जागा बदलायची तर तेवढी दोरी ओढता ओढता माणूस दमतो, आणि खडकात अडकलेला नांगर पाण्यातच सोडून यावा लागतो. अशा ठिकाणी बटणावर थांबणारी बोट म्हणजे वाचलेले श्रम. फक्त खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलीच मोटार घ्यावी. गोड्या पाण्याची मोटार समुद्रात टिकत नाही.

धरणातही तिला एक जागा आहे. मच्छीमार सहकारी संस्थेची एक सामाईक बोट असावी आणि तिच्यावर अशी एक मोटार. मत्स्यपिंजऱ्यांची दुरुस्ती करताना, बुडालेल्याचा शोध घेताना, पाण्याचे नमुने घेताना बोट स्थिर लागते आणि माणसांचे हात मोकळे लागतात. संस्थेला एक मोटार पुरे. घरटी एक नको.

घरटी हवी ती साधी मोटार, मागे बसून दांड्याने वळवायची. ढोबळ नियम असा की भरलेल्या होडीच्या दर ५० किलोंमागे एक किलो रेटा लागतो. होडी, दोन माणसं, जाळं, बॅटरी आणि मासळी मिळून ४०० किलो धरले तर आठ किलो. ५५ पौंड म्हणजे २५ किलो. तिप्पट ताकद हाताशी राहते आणि नाथसागराला ती लागतेच. रुंद, उथळ पाण्यावर जोराचा वारा सुटला की आखूड आणि उभ्या लाटा उठतात. त्यात वल्हं मारत काठ गाठणं म्हणजे काय, हे ज्याने मारलंय त्याला विचारा. साधी मोटार जागा धरून ठेवणाऱ्या मोटारीच्या किमतीच्या लहानशा वाट्यात येते. तिचे कार्बन ब्रश आणि स्विच शेतातल्या मोटारी दुरुस्त करणारा अंबडचा मिस्त्रीही बदलू शकेल. दिशादर्शकाची पाटी जळाली तर तो काय करणार?

उपग्रहाचा खरा उपयोग जीव वाचवण्यात आहे, आणि तो सरकारलाही पटलेला आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांनी एक लाख मासेमारी नौकांवर संदेशयंत्रं बसवण्याची योजना सुरू केली. संकटात ती बोटीची जागा आणि निरोप किनाऱ्यावर पोचवतात. चांगलं काम आहे. पण ते सागरी नौकांसाठी आहे, धरणातली होडी त्यात नाही. पंचावन्न किलोमीटर लांब आणि सत्तावीस किलोमीटर रुंद पाण्यावर रात्री गेलेल्या माणसाला समुद्रावरच्यापेक्षा कमी मोलाचं का धरायचं? त्याला मोटारीच्या आधी अंगात जॅकेट हवं आणि हाकेला ओ देणारं कुणीतरी हवं.

आता विजेचं बोलू, कारण मोटार कुठलीही घ्या, तिला वीज लागणार. याच नाथसागरावर तरंगता सौर प्रकल्प उभारण्यासाठी टीएचडीसी कंपनीने निविदा काढली. कहार समाज पंच समितीने तिला हरित लवादात आव्हान दिलं. लवादाने ते सप्टेंबर २०२४ मध्ये फेटाळलं आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. स्वच्छ वीज हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्यांच्या मासेमारीच्या पाण्यावर पट्ट्या तरंगणार, त्यांच्या होडीची बॅटरी त्या विजेवर भरून मिळाली पाहिजे. ही मागणी मोठी नाही आणि न्यायालयात जाण्याइतकी अवघडही नाही. प्रकल्पाच्या अटींत एका ओळीने ती मान्य करता येते.

प्रकल्पाची वाट पाहायचीही गरज नाही. एप्रिल २०२५ मध्येच राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. आमच्या शिवारात सौर कृषी पंप दिसू लागले आहेत, शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे आणि बाकीचं सरकारने. दर्जा एकच असेल तर हिशेबही एकच हवा. १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी भरायला सुमारे दीड युनिट लागतं. तीन अश्वशक्तीच्या पंपाला जेवढ्या सौरपट्ट्या देतात, तेवढ्यांवर मराठवाड्याच्या उन्हात दिवसाला सात-आठ बॅटऱ्या सहज भरतील. सात-आठ होड्या! प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत होडी-जाळ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान मिळतं. त्या यादीत साधी मोटार, बॅटरी आणि जॅकेट एकत्र घाला. नाथसागर हे पक्षी अभयारण्यही आहे. त्याच्या पाण्यावर डिझेलच्या तवंगाऐवजी बिनआवाजी मोटार येत असेल तर वनखात्यानेही परवानगीचा कागद अडवून ठेवू नये.

बॅटऱ्या भरायची शेड बांधताना मात्र दोन गोष्टी काठावरच्यांना विचारून ठरवा. ती १,५२२ फुटांच्या रेषेच्या वर हवी, नाहीतर पहिल्याच चांगल्या पावसाळ्यात वाहून जाईल. आणि बॅटरी लिथियमची द्या. महाग असली तरी तीच द्या. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं तेव्हा शेडपासून होडीपर्यंतची वाट चिखलातून आणि गाळपेरीतून जाते, कधी कधी किलोमीटरभर. शिशाची बॅटरी तीस किलो भरते, लिथियमची बारा-तेरा. ती रोज खांद्यावरून नेणारा माणूस रात्रभर जाळ्यावर जागलेला असतो.