खोका रात्रपाळीला द्या

दवाखान्यातून घरी सोडतात ते दिवसा, म्हणून पेढ्यांचा खोकाही दिवसाच येतो. दुपारी पाळी बदलेपर्यंत तो संपतो. जिने रात्रभर सलाईन बदलले, ताप मोजला, नातेवाइकांची बोलणी ऐकून घेतली, त्या सिस्टरला तळाचा तुपकट कागद तेवढा दिसतो. आपली कृतज्ञता खरी असते, वेळ मात्र नेमकी चुकते.

डिंभे धरणामागच्या वाड्यावस्त्यांवर भातलावणीच्या दिवसांत साप चावतो. माणसाला गाडीत घालून घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात आणायचे, गरज पडली तर पुढे मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतात आणि ती नळी 20 मिनिटे अजिबात न हलवता ठेवतात. मग तिरकी करून पाहायची. रक्त गोठले नाही, तर विष भिनले आहे. ती 20 मिनिटे सिस्टर काही बसून राहत नाही. रुग्णाचा श्वास बघते, पापण्या जड होतात का बघते, नाडी मोजते. खायचे तर याच फटीत, उभ्याने, दोन घासांत.

त्या दोन घासांचा विचार करून खाऊ निवडा. मे महिन्यात एसटीतून आणलेला खव्याचा पेढा नको, संध्याकाळपर्यंत त्याचा भरवसा राहत नाही. लसींच्या फ्रीजमध्ये खाण्याचा डबा ठेवायचा नसतो, तेव्हा 'ठेवा फ्रीजमध्ये' असेही म्हणू नका. जांभळे गोड खरी, पण बोटे रंगतात, आणि त्याच हाताने पुढच्या मिनिटाला सुई लावायची असते. समोसे गार झाले की कोणी हात लावत नाही. राजगिऱ्याचे लाडू कागदात गुंडाळलेले मिळतात, ते आणा. शेंगदाण्याची चिक्की आणा, पण सुट्या पाकिटांतली. केळी आणा, त्यांना वेष्टन निसर्गानेच दिले आहे. फुटाणे आणा, कारण साखर वर्ज्य असलेल्या सिस्टरही आहेत. आणि घरचेच काही द्यायचे मनात असेल, तर आपली मासवडी द्या. रस्सा घरी ठेवा. नुसत्या वड्या, त्याच दिवशी केलेल्या, सोबत टोचायला काड्या. कांदा-लसणाचे सारण आहे, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला जेवण मोफत मिळते. साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझेरियन झाले तर सात. फार चांगली गोष्ट आहे ती. तिच्या उशाशी उभ्या असलेल्या सिस्टरचा डबा मात्र तिचा तिनेच आणायचा, आणि तो उघडायला सवड मिळेलच असे नाही.

द्यायचे ते काम झाल्यावर द्या. आधी दिले की त्याला लाचेचा वास येतो आणि सिस्टरची पंचाईत होते. एकीच्या हातात गुपचूप देऊ नका. इन्चार्ज सिस्टरकडे द्या, खोक्यावर ठळक अक्षरांत 'रात्रपाळीसाठी' लिहा. मोजताना मावशी, वॉर्डबॉय, सफाई कामगार आणि 108 चा चालक यांना धरा. जमलेच तर स्वतः रात्री आठनंतर नेऊन द्या.

आणखी एक. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, ही रीत प्रसूती कक्षातल्या सिस्टर वर्षानुवर्षे बघत आल्या आहेत. कितीदा तर मुलगी झाली की खोका लहान होतो, कधी येतच नाही. कळा सोसणारी तीच, रात्रभर तिचा हात धरून बसणारी सिस्टरही तीच, टाकेही तेवढेच. पुढच्या वेळी मुलगी झाली, तर त्याच दुकानातून, तेवढ्याच वजनाचा खोका घ्या.