निओ, जरा भांडी लाव

ऑक्टोबर २०२४मध्ये टेस्लाने हॉलिवूडजवळच्या एका स्टुडिओत पाहुण्यांना बोलावलं. ऑप्टिमस नावाचे यंत्रमानव पेयं भरून देत होते, गप्पाही मारत होते. बुद्धी कृत्रिम खरी, पण दुरून माणसांची मदत होती, हे लगेचच बाहेर आलं.

वर्षभराने ‘वनएक्स’ कंपनीचा घरकामाचा यंत्रमानव निओ आला. किंमत २०,००० डॉलर, अंगात मऊ विणलेला पोशाख. त्याला न जमणारं काम निघालं की कंपनीचा माणूस डोळ्यांवर व्हीआर चष्मा चढवणार आणि निओच्या हातांनी तुमची भांडी लावणार. म्हणजे कामाला माणूस आलाच. फक्त तो चहा मागत नाही आणि शेजारणीच्या खबरा देत नाही. (तुमच्या खबरा कुठे जातात, तो प्रश्न वेगळा.)

जनरेटिव्ह एआयमुळे यंत्राला बोलणं समजायला लागलं, हे मान्य. ‘टेबल आवर’ म्हटलेलं त्याला कळतं. पण साबणाचा निसरडा कप किती दाबून धरायचा, हे इंटरनेटवर कोणी लिहून ठेवलेलं नाही. ती शिकवणी तुमच्याच स्वयंपाकघरात व्हायची. आपल्याकडे उमेदवारी करणाऱ्या पोराला निदान विद्यावेतन मिळतं. इथे शिष्य मोरीपाशी उभा आणि फी भरतात गुरुजी.